सफरचंद, सायडर आणि तीन तास: मंद आचेवरचं पोर्क घरच्या गॅसवर

भट्टीवाला (रविवार, रात्री ९.१०)

गणपती ते दसरा मार्केट यार्डात सफरचंदाच्या पेट्यांचे ढीग लागतात आणि मला हे जेवण आठवतं. चार वर्षं करतोय. गेल्या रविवारी पहिल्यांदा वाटलं, आता दुसऱ्याला सांगण्याइतकं जमलंय. म्हणून हा धागा.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत असतो. कामानिमित्त दोन हिवाळे इंग्लंडच्या हेरफर्डशरमध्ये काढले. आपल्याकडे जसे उसाचे फड, तशा तिकडे सायडरच्या सफरचंदांच्या बागा. ही सफरचंदं खायची नसतात. चावली तर तुरट-कडू लागतात, पण रस काढून आंबवला की त्याची सायडर होते. ज्यांच्या घरी राहायचो त्या आजीबाई रविवारी सकाळी डुकराच्या खांद्याचे मोठे तुकडे, कांदे, सफरचंदं आणि बाटलीभर सायडर एका जड पातेल्यात घालून चर्चला जायच्या. परत आल्या की झाकण उघडायच्या. सुरी लागायची नाही, चमच्यानेच मांस सुटायचं.

कोल्हापुरात परतल्यावर हे करायला घेतलं तेव्हा प्रत्येक पायरीला काहीतरी आडवं आलं. आता करतो ते असं.

मांस खांद्याचंच घ्या, दीड किलो, चरबी राखून. पाठीचा बिनचरबीचा भाग दिसायला देखणा असतो, पण तीन तासांत त्याचा चोथा होतो. दुकानदाराला आधी सांगून ठेवा की मटणासारखे बारीक तुकडे करू नको. मला पाव-पाव किलोचे सहा तुकडे लागतात. कातडी काढून घ्यायची. आदल्या रात्री किलोला १५ ग्रॅम, म्हणजे दीड किलोला साधारण २२ ग्रॅम मीठ चोळून, झाकण न लावता फ्रीजमध्ये ठेवतो. मीठ आतपर्यंत जातं आणि वरचा भाग कोरडा पडतो. हा कोरडेपणा फार महत्त्वाचा. ओला तुकडा गरम पातेल्यात टाकला तर आधी पाणीच उडत बसतं, रंग येत नाही.

सकाळी थोड्या तेलात दोन-दोन तुकडे सगळ्या बाजूंनी खरपूस तांबूस करून घ्यायचे. याला वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि ती द्यावीच लागतात. तुकडे काढून त्याच चरबीत दोन मोठे कांदे उभे चिरून, आठ-दहा लसूण पाकळ्या, एका सफरचंदाच्या फोडी. कांदा मऊ झाला की अर्धा लिटर सायडर ओतायची आणि बुडाला चिकटलेलं सगळं लाकडी उलथन्याने खरवडून सोडवायचं. खरी चव तिथं असते. मग एक चमचा वाटलेली मोहरी, सात-आठ मिरे आणि चिमूटभर ओवा.

ओवा का, तर मूळ पाककृतीत थाइमची पानं असतात. थाइमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो, तेच आपल्या ओव्यात भरपूर असतं. चिमूटच घाला, जास्त झालं तर पोटदुखीच्या काढ्यासारखं लागतं.

तुकडे परत आत. रस त्यांच्या अर्ध्यापर्यंत यावा, वर नाही. झाकण, खाली जाड तवा, गॅस अगदी बारीक. रटरट उकळू द्यायचं नाही, मधूनमधून एखादा बुडबुडा वर आला की आच बरोबर. अडीच ते तीन तास. ओव्हन असेल तर १५० अंश.

शेवटची वीस मिनिटं राहिली की आणखी दोन सफरचंदांच्या जाड फोडी लोण्यावर सोनेरी करून वर ठेवायच्या. पहिलं सफरचंद तोवर विरघळून गेलेलं असतं आणि त्यातल्या पेक्टिनने रसाला अंग येतं. दुसऱ्या खेपेच्या फोडी दाताखाली येण्यासाठी.

भांड्याबद्दल जरा सांगू द्या, हे माझं रोजचं काम आहे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की आच कमीजास्त झाली तरी आतलं तापमान पटकन हलत नाही. या कामाला तेच हवं. मात्र सायडर आंबट असते. मी पहिल्या वेळी कच्च्या बिडाच्या पातेल्यात केलं, तर रस काळपट झाला आणि जिभेला लोखंड लागलं. सहा जण जेवायला होते, कुणाला दुसऱ्यांदा वाढून घ्यावंसं वाटलं नाही. तेव्हापासून आतून एनॅमल दिलेलं बीड वापरतो. ते नसेल तर जाड बुडाचं स्टील चालतं. बिनकल्हईचं पितळ नको.

तांबडा_पांढरा (रविवार, रात्री १०.०२)

लय भारी लिहिलंय दादा. पण तीन तास गॅस? मटणाला आम्ही कुकरच्या सहा शिट्ट्या देतो, विषय संपला. पोर्कला काय वेगळं आहे? चाळीस मिनिटांत मऊ होतंय की.

भट्टीवाला (रविवार, रात्री १०.३५)

मऊ होतं, खरंय. खांद्यात जो चिवट पांढरा भाग असतो तो कोलॅजेन. साधारण ७० अंशांच्या पुढे तो हळूहळू विरघळून जिलेटिन होतो आणि जितकं तापमान जास्त तितकं लवकर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणजे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये १२० पर्यंत जातं, म्हणून तिथं काम लवकर उरकतं.

पण त्या तापमानाला मांसाचे धागे घट्ट आवळतात आणि आतलं पाणी बाहेर टाकतात. तुकडा मऊ, पण खाताना कोरडा, असं होतं ते त्यामुळे. आणि दुसरं, कुकरमधून वाफ जात नाही म्हणून रस आटत नाही. या पदार्थात निम्मा जीव त्या आटलेल्या रसात आहे. घाई असेल त्या दिवशी कुकरमध्ये करा, नंतर तुकडे काढून रस उघड्यावर निम्मा आटवा. चांगलं लागेल. पण एकदा तरी तीन तासांचं करून दोन्ही शेजारी ठेवून बघा.

जुनी_राजारामपुरी (रविवार, रात्री ११.१५)

दादा, एक अडचण. आई आमच्याबरोबर जेवते, ती दारूचा थेंब घेत नाही. मुलगी सात वर्षांची. शिजवताना दारू उडून जाते म्हणतात, ते खरं का? आणि सायडर नसेल तर सफरचंदाचा ज्यूस चालेल?

भट्टीवाला (सोमवार, सकाळी ७.२०)

ताई, सगळी उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात अर्ध्या तासाच्या शिजवण्यानंतर सुमारे ३५ टक्के आणि अडीच तासांनी ५ टक्के शिल्लक राहते असं दिलंय. अर्धा लिटर साडेचार टक्क्यांची सायडर म्हणजे २२-२३ मिली अल्कोहोल. अडीच तासांनी सगळ्या पातेल्यात मिळून मिलीभर. मात्रा नगण्य आहे, पण आईंचा प्रश्न मात्रेचा नसणार. त्यांना न सांगता वाढू नका. त्यांच्यासाठी ज्यूसचंच करा.

फक्त सायडर काढली आणि तेवढाच ज्यूस ओतला, असं करू नका. मी केलंय, मिठाई होते. सायडर आंबताना फळातली बरीचशी साखर संपलेली असते, म्हणून ती आटवली तरी गोडमिट्ट होत नाही. ज्यूसमध्ये दर १०० मिलीला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. अर्धा लिटरमध्ये ५० ग्रॅम, आणि तो आटून निम्मा होणार. त्यामुळे मी २५० मिली ज्यूस (पूर्ण रसाचा, साखर घातलेलं पेय नव्हे), २०० मिली अळणी सूप किंवा पाणी, अर्धा कप कोरा चहा आणि दोन मोठे चमचे सफरचंदाचं व्हिनेगर असं घेतो. व्हिनेगर निम्मं सुरुवातीला, निम्मं उतरवायच्या आधी.

चहा वाचून दचकू नका. सायडरच्या सफरचंदांत जो तुरटपणा असतो तो आपल्या गोड सफरचंदांत नाही. चहातल्या टॅनिनने तो मिळतो. खाणाऱ्याला चहा कळत नाही, पण चव एकदम भरीव होते.

बेळगाव_नाका (सोमवार, दुपारी १.४०)

सायडर आणि सायडर व्हिनेगर यांची गल्लत होऊ देऊ नका, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा! मी ऑनलाइन सायडर मागवली, आलं व्हिनेगर. बाटलीवर सफरचंदाचं चित्र, मी न वाचता अर्धा लिटर ओतलं. पाच टक्क्यांचं अ‍ॅसिड ते. घरभर वासाने डोळे चुरचुरले आणि दीड किलो मांस टाकून द्यावं लागलं. अजून जीव हळहळतो.

अमेरिकन पाककृती वाचत असाल तर आणखी एक. तिकडे नुसतं सायडर म्हटलं की न गाळलेला, न आंबवलेला ताजा रस. आंबवलेलीला ते हार्ड सायडर म्हणतात. इंग्लंडात सायडर म्हणजे आंबवलेलीच. कुठल्या देशाची पाककृती आहे ते आधी बघा.

मांस मी बेळगावहून आणतो, हायवेने दोन तास, बर्फाच्या डब्यात. माझं आजोळ गोव्याचं. आमच्या विंदालूचं मूळ नाव पोर्तुगीज, वाइन आणि लसूण असा त्याचा अर्थ. गोव्यात वाइनच्या जागी माडीचं व्हिनेगर आलं. म्हणजे डुक्कर, आंबट, लसूण आणि वेळ, हे गणित सगळीकडे तेच. हेरफर्डमध्ये सफरचंद होतं, आमच्याकडे माड. भट्टीवाला दादांचं वाचताना आजीच्या मडक्याचा वास आला.

डॉक्टरीण_शाहूपुरी (सोमवार, रात्री ९.३०)

विषय छान चाललाय, मध्ये थोडं कामाचं बोलते. पोर्क म्हटलं की लोक जंताची भीती घालतात. भीती निराधार नाही, पण अर्धवट समजलेली आहे. कच्चट पोर्कमधून पट्टकृमी पोटात जातो. मेंदूत गाठी होऊन आकडी येते ती मात्र कृमीची अंडी पोटात गेल्याने. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांमधून, नीट न धुतलेल्या पालेभाजीतून जातात. त्यामुळे आयुष्यात मांस न खाल्लेल्यालाही हा आजार होतो. मी असे रुग्ण पाहिले आहेत.

दादांच्या पद्धतीत मांस तासन्तास ९० अंशांच्या आसपास असतं, तिथं काही जिवंत राहत नाही. काळजी घ्यायची ती आधी. खात्रीच्या, तपासणी होणाऱ्या ठिकाणचं मांस घ्या. मांसात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट फोड दिसले तर ते घेऊ नका. सुरी-पाट वेगळे ठेवा. कोशिंबीर त्याच पाटावर चिरू नका. आणि हात साबणाने धुवा.

तांबडा_पांढरा (सोमवार, रात्री ९.५५)

ताई, भाजीमुळे पण होतंय हे म्हाईत नव्हतं. घरात वाचून दाखवलं.

शेतावर रानडुक्कर फार झालीत, उसाचं वाटोळं करतात. त्याचं चालेल का?

भट्टीवाला (सोमवार, रात्री १०.१०)

नको भावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय शिकार गुन्हा आहे. नुकसानीचं वनखात्याकडे मांडा. पातेल्यात ते नको.

सफरचंदवाला_मावसभाऊ (मंगळवार, सकाळी ११.०५)

फळांच्या धंद्यात पंधरा वर्षं आहे, म्हणून लिहितो. सगळेजण लालभडक डेलिशियस घेतात. ते कापून खायला गोड, पण आचेवर पिठूळ होतं, फोड धरत नाही आणि आंबटपणाही कमी. पहिल्या, विरघळायच्या खेपेला चालेल. वर ठेवायच्या फोडींना गोल्डन घ्या. तेच पिवळसर, ज्याला गिऱ्हाईक कच्चं समजून नाक मुरडतं. लाल मालापेक्षा स्वस्तात मिळतं आणि शिजल्यावर आकार राखतं. आंबट हवं असेल तर हिरवं ग्रॅनी स्मिथ, ते बहुतेक बाहेरदेशाहून येतं म्हणून महाग.

दिवाळीनंतर जे मिळतं त्यात शीतगृहातला माल वाढत जातो. कुरकुरीत राहतं, पण आंबटपणा उतरतो. मार्चमध्ये करणार असाल तर लिंबू पिळा. आणि बोटाने दाबून घेऊ नका हो, दाबलेलं फळ दोन दिवसांत काळं पडतं, ते आम्हालाच फेकावं लागतं.

भट्टीवाला (मंगळवार, दुपारी १.१५)

हे सोनं आहे. मी चार वर्षं लाल वापरून फोडी का फुटतात म्हणून गॅसला दोष देत होतो. या रविवारी गोल्डन.

चुलीवरची_माय (मंगळवार, रात्री ८.४५)

मी वाचतच असते, कधी लिहीत नाही. आज लिहिते.

आम्ही वडार. आमच्याकडे हे मांस माझ्या आजीच्या आजीपासून शिजतंय. शाळेत डब्यात काय आहे ते मी कुणाला सांगत नव्हते. इथं चार दिवस माणसं या मांसावर प्रेमाने बोलतायत, कुणी तोंड वाकडं केलं नाही, वाचताना डोळे भरून आले.

आजी तेल घालायची नाही. चरबीचे तुकडे आधी वेगळे काढायची, बोटभर पाणी घालून बारीक जाळावर ठेवायची. पाणी आटेपर्यंत चरबी वितळते, करपत नाही. मग त्याच चरबीत लसूण, हळद, तिखट आणि मांस. पाणी नाहीच. वर थाळा, थाळ्यात पाणी. वरच्या पाण्याने झाकण गार राहतं, आतली वाफ झाकणाला लागून परत थेंब थेंब खाली पडते. मांस स्वतःच्या अंगच्या रसात शिजतं. आणि लागलंच तर ते थाळ्यातलं कोमट पाणी आत घालायचं, गार कधी नाही. जाळ ओढून नुसत्या निखाऱ्यावर दुपारपर्यंत. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर खायचं. वितळलेली चरबी बरणीत भरून ठेवायची, पुढं भाजीला.

दादा, तुम्ही तेलात भाजताय. तेल सोडा, त्याच्याच चरबीत भाजून बघा.

भट्टीवाला (मंगळवार, रात्री ११.२०)

माय, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. हेरफर्डच्या आजीबाई पण जड लोखंडी झाकण वापरायच्या आणि त्याच्या आतल्या बाजूला बारीक टोकं होती, वाफेचे थेंब मांसावर सगळीकडे पडावेत म्हणून. तुमच्या आजींनी तेच एका थाळ्यात आणि तांब्याभर पाण्यात केलं. मी यंत्रशाळेत शिकलो, पण हे मला सुचलं नव्हतं. रविवारी तुमच्या पद्धतीने चरबी काढून करतो आणि सांगतो.

रंकाळा_फेरी (बुधवार, सकाळी ८.३०)

सायडर घरीच करता येईल का? ज्यूसमध्ये यीस्ट घालून बाटलीत ठेवायचं, असे व्हिडिओ आहेत.

जुनी_राजारामपुरी (बुधवार, सकाळी ९.१०)

नका करू. परवान्याशिवाय दारू आंबवणं महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय घट्ट बुचाच्या बाटलीत वायू साठला की काच फुटते. आमच्या शेजारी द्राक्षाच्या रसाची बाटली अशीच फुटली होती, ओट्यावर काचाच काचा. दादांचं ज्यूस-चहाचं मिश्रण मी काल छोट्या प्रमाणात करून बघितलं, त्यात काही कमी वाटलं नाही. आईने रसाबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या. मुलीने नुसत्या सफरचंदाच्या फोडी वेचल्या.

भट्टीवाला (रविवार, रात्री ९.४०)

केलं. सांगतो.

चरबी वितळवायला पस्तीस मिनिटं लागली, गॅस सगळ्यात बारीक. वाटीभर निघाली, उरलेले कुरकुरीत तुकडे मुलांनी मीठ लावून तिथंच संपवले. त्या चरबीत भाजलेल्या मांसाचा रंग तेलापेक्षा एकसारखा आला. नंतर जादा चरबी काढून दोनच चमचे ठेवली, नाहीतर रस तेलकट झाला असता. सायडर ४०० मिलीच घातली, थाळ्यात पाणी ठेवलं. तीन तासांत ते दोनदा बदललं आणि आत एक थेंबही घालावा लागला नाही. आधी दर वेळी मला मध्ये पाऊण कप घालावं लागायचं.

गोल्डनच्या फोडी अखंड राहिल्या.

रस पांढऱ्या रश्श्यापेक्षा जाड, रंगाला काकवीसारखा. चव आंबट, मागून गोड, आणि शेवटी तो थोडा तुरटपणा. आजीबाई बटाट्याच्या लगद्याबरोबर वाढायच्या. मी जोंधळ्याची भाकरी केली. कांदा-लसूण चटणी ताटात वेगळी ठेवली होती, पण रसात घातली नाही. ती घातली की सफरचंद हरवतं. तिखटाशिवाय आमच्याकडे घास उतरत नाही, तरी आज चटणीला कुणी हात लावला नाही.

एक राहिलं. उरलेलं रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी रसाची खळ झालेली असेल आणि वर चरबीचा पांढरा थर. थर काढा, खळ तशीच मंद गरम करा. दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते, म्हणून पाहुणे असतील तेव्हा मी शनिवारीच करून ठेवतो.

चुलीवरची_माय (रविवार, रात्री १०.०५)

तो थर फेकू नका दादा. बरणीत भरा. उद्या त्यात मेथी परता.